पांढरीची किंमत

गावातले घर सहसा विकले जात नाही. ते वाटणीत येते, वारसाने येते, कधी हक्कसोडपत्राने एका भावाकडून दुसऱ्याकडे जाते. बाहेरचा माणूस पैसे मोजून गावठाणातले घर घ्यायला आला, असे कित्येक गावांत वर्षानुवर्षे घडत नाही. घरकर्ज देणारी बँक मात्र पहिला प्रश्न तोच विचारते: हे घर उद्या विकायला काढले तर केवढ्याला जाईल? जिथे बाजारच नाही तिथला बाजारभाव सांगायचे काम बँकेच्या पॅनेलवरच्या व्हॅल्युअरकडे येते. त्याचा चार-सहा पानी अहवाल हा ग्रामीण घरबांधणीच्या साऱ्या सरकारी खटाटोपातला सर्वांत कमी चर्चिला गेलेला कागद आहे.

योजनांवर पुष्कळ लिहिले जाते. उद्दिष्ट किती, हप्ते किती सुटले, यादीत कोणाचे नाव आले नि कोणाचे गळले, यावर ग्रामसभा तापतात. अहवालावर कोणी बोलत नाही. तरी कर्ज मिळणार की नाही, आणि मिळाले तर मागितल्याच्या निम्मे की तिप्पट हेलपाट्यांनंतर पाऊणपट, हे बहुधा त्या पानांवरच ठरते. पुढील प्रकरणे त्या पानांविषयी आहेत.

सरकारचा हात या क्षेत्रात नवा नाही. राष्ट्रीय आवास बँक १९८८ साली स्थापन झाली. स्वातंत्र्याच्या सुवर्णमहोत्सवात, १९९७-९८ मध्ये, तिने सुवर्णजयंती ग्रामीण गृहवित्त योजना सुरू केली. खेड्यातल्या माणसाला अनुदानाखेरीज कर्जही मिळाले पाहिजे, हा विचार तिथून धोरणात रुजला. २००८-०९ च्या अर्थसंकल्पानंतर ग्रामीण गृहनिर्माण निधी आला. नोव्हेंबर २०१६ मध्ये इंदिरा आवास योजनेच्या जागी प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीण आली. सपाट प्रदेशात १ लाख २० हजार रुपये, डोंगराळ भागात १ लाख ३० हजार, किमान २५ चौरस मीटरचे घर, आणि लाभार्थ्याला हवे असेल तर बँकेकडून ७० हजारांपर्यंतचे कर्ज मिळवून द्यायची तरतूद. जे या यादीत बसत नव्हते त्यांच्यासाठी जानेवारी २०१७ मध्ये ग्रामीण गृहव्याज अनुदान योजना मंजूर झाली: २ लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याजाची सूट.

या साऱ्यांत एक गोष्ट समान आहे. सरकारने व्याज हलके केले, पैसा उपलब्ध केला, हप्ता परवडेल अशी तजवीज केली. बँकेची भीती मात्र कमी केली नाही. कर्ज बुडाले तर तारणातून काय वसूल होईल, हा प्रश्न व्याजाच्या सुटीने सुटत नाही. २०१२ साली अल्प उत्पन्न गटाच्या घरकर्जांसाठी पतजोखीम हमी न्यास उभा राहिला तोही शहरांकडे पाहून. खेड्यातल्या शाखेतला व्यवस्थापक म्हणून तारणालाच धरून बसतो आणि ते तोलायला व्हॅल्युअरला धाडतो. अमेरिकेत या बाबतीत वेगळी वाट धरली गेली. १९४९ च्या गृहनिर्माण कायद्याच्या कलम ५०२ खाली तिथले कृषी खाते ग्रामीण घरकर्जाच्या ९० टक्क्यांपर्यंत हमी घेते, आणि पात्र कुटुंबाला घराच्या ठरलेल्या मूल्याइतके पूर्ण कर्ज मिळू शकते. मूल्यांकन तिथेही होते, कसून होते. आसपास विकल्या गेलेल्या घरांशी तुलना करून होते. मोठा भार हमीदार उचलतो, म्हणून अहवालातला प्रत्येक रुपया सावकाराच्या जिवावर येत नाही. आपल्याकडे तो येतो, आणि कर्जदाराच्याही.

व्हॅल्युअर गावात पोचतो तेव्हा त्याच्या हातात बहुधा तीन कागद असतात: ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा, घरपट्टीची पावती आणि एखादे जुने, बरेचदा नोंद न झालेले वाटणीपत्र. तो घराचे फोटो काढतो. हल्ली अक्षांश-रेखांश उमटणारेच लागतात. टेपने लांबी-रुंदी घेतो, चतुःसीमा उताऱ्याशी ताडून पाहतो. उताऱ्यात पूर्वेला रस्ता लिहिलेला असतो आणि प्रत्यक्षात तिथे चुलतभावाची पडवी उभी असते. जागेची मोजमापेही अनेकदा जुळत नाहीत, कारण उताऱ्यावरचा आकडा कधीतरी कर बसवण्यासाठी अंदाजाने लिहिलेला असतो.

नमुना आठ हा मुळात कर आकारणीचा कागद आहे. घरपट्टी कोणाकडून घ्यायची ते तो सांगतो. घराची मालकी कोणाची, हे तो सिद्ध करत नाही. तरी हजारो गावांत घराचा दुसरा कागदच नव्हता. लग्न जमवताना, जामीन राहताना, विजेचे मीटर घेताना हाच उतारा चालत आला. पतसंस्थांनी त्यावर दोन जामीनदार घेऊन कर्जे दिली. बँकेच्या वकिलाला मात्र सर्च रिपोर्टात मालकीची साखळी दाखवावी लागते, आणि ती इथे सुरू होण्याआधीच तुटते.

असे का झाले? कारण जुने आहे. १८३५ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी जमिनीची नवी मोजणी हाती घेतली. आधीच्या प्रिंगलच्या मोजणीत सारा इतका चढा बसला होता की रयत गाव सोडून जाऊ लागली होती. या दोघांनी घालून दिलेली पद्धत पुढे मुंबई इलाख्यात सर्वत्र गेली. शंकुसाखळीने शेतानशेत मोजले गेले, पोत बघून प्रतवारी लागली, सर्व्हे नंबर पडले, बांधाच्या दगडांचीही नोंद झाली. ज्या जमिनीतून सारा यायचा ती काळी मोजली गेली. ज्या जमिनीवर माणसे राहत होती ती पांढरी, म्हणजे गावठाण, नकाशावर एका रेषेने घेरून आत कोरी ठेवली गेली. तिच्यावर शेतसारा नव्हता. पुढे नगरे आणि काही मोठी गावे यांचा सिटी सर्व्हे झाला, मिळकत पत्रिका निघाल्या. बाकीच्या गावांत शेतीच्या गुंठ्याला सातबारा, आणि ज्या घरात ती शेती करणारे कुटुंब राहते त्या घराला काहीच नाही, अशी स्थिती पावणेदोनशे वर्षे टिकली. शेतावर पीककर्ज एका फेरीत मिळायचे. घरावर पै मिळायची नाही.

हे बदलायला लागले ते पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीपासून. मल्हारगडाच्या पायथ्याच्या या गावाचे गावठाण ड्रोनने मोजून पाहण्याचा प्रयोग भूमी अभिलेख विभागाने आणि भारतीय सर्वेक्षण विभागाने मिळून केला. २४ एप्रिल २०२० रोजी केंद्राची स्वामित्व योजना जाहीर झाली तेव्हा पहिल्या टप्प्यातल्या राज्यांत महाराष्ट्र होता. याही आधी, २००८ साली, मध्य प्रदेशातल्या हरदा जिल्ह्यात गावातल्या घरांच्या हक्काच्या पुस्तिका देऊन पाहिल्या गेल्या होत्या. १८ जानेवारी २०२५ रोजी एकाच दिवशी देशातल्या ५० हजारांहून अधिक गावांत ६५ लाखांवर मिळकत पत्रिका वाटल्या गेल्या.

मोजणीचा दिवस गावासाठी मोठा असतो. ड्रोन उडण्याआधी प्रत्येकाने आपल्या जागेच्या कडेने चुन्याची रेघ ओढायची असते. ही रेघ ओढताना जे होते ते कुठल्याही परिपत्रकात सापडत नाही. वीस वर्षे न बोललेले शेजारी समोरासमोर येतात. सामाईक बोळ कोणाचा, न्हाणीचे पाणी कुठून जायचे, पाडलेल्या गोठ्याची जागा थोरल्याची की धाकट्याची, हे प्रश्न त्या सकाळी सुटावे लागतात किंवा तिथेच चिघळतात. १:५०० या प्रमाणावरच्या नकाशात ती रेघ कायमची उतरते. म्हणून पुढे जाऊन घराचे मूल्य ठरवणाऱ्याने त्या सकाळीही गावात असायला हवे होते असे वाटते. चुन्याच्या रेघेवर जिथे वाद झाला, तिथे पत्रिका निघाली तरी तारण कच्चेच राहते. हा भाग पुढे सविस्तर येतो, कारण पत्रिका आली म्हणजे प्रश्न संपला, असा समज शाखांमध्ये आणि गावांमध्ये दोन्हीकडे पसरला आहे.

पत्रिकेने मालकी दिसते. किंमत दिसत नाही. किंमत काढायची रीत साधी आहे आणि तिच्यातच गावाचे नुकसान दडले आहे. एक काल्पनिक घर घेऊ. ९०० चौरस फूट जागा, त्यावर ६०० चौरस फुटांचे विटा-सिमेंटचे बांधकाम, वय २८ वर्षे. जागेचा दर चौरस फुटाला २५० रुपये धरला तर जागेचे २ लाख २५ हजार. बांधकामाचा दर १,२०० रुपये धरला तर नव्या घराचे ७ लाख २० हजार. बांधकामाचे आयुष्य ६० वर्षे आणि शेवटी उरणारे भंगारमूल्य १० टक्के मानले, तर २८ वर्षांचा घसारा ४२ टक्के, म्हणजे ३ लाख २ हजार ४०० रुपये. बांधकामाचे उरले ४ लाख १७ हजार ६००. एकूण ६ लाख ४२ हजार ६०० रुपये. बँकेच्या नमुन्यात याखाली आणखी दोन रकाने असतात: वसूल होण्याजोगे मूल्य आणि सक्तीच्या विक्रीतले मूल्य. सक्तीच्या विक्रीसाठी पाऊणपट धरले तर आकडा ४ लाख ८१ हजार ९५० वर येतो. आणि मालकीचा कागद फक्त नमुना आठचा असेल, तर जागेचे २ लाख २५ हजार हिशेबातून वगळूनच मोजणी होण्याची शक्यता मोठी.

शहरातल्या घराचे गणित याच सूत्राने चालते, पण उलट्या दिशेने धावते. तिथे घराच्या किमतीत जमिनीचा वाटा मोठा असतो आणि जमिनीची किंमत दर वर्षी चढते. भिंती जुन्या होतात तरी तारण वाढत जाते. जमीन कर्जाला उचलून धरते. गावठाणात जमिनीचा दर कमी, विक्री विरळ, म्हणून कर्जाचा सगळा भार बांधकामावर पडतो, आणि बांधकाम पहिल्या दिवसापासून घसरायला लागते. वीस वर्षांच्या कर्जात बँकेला दर वर्षी तारण आटताना दिसते. गावातल्या घराबद्दलची बँकेची धास्ती इथून येते. ती दुष्टपणाची नाही, पण तिचा परिणाम दुष्ट आहे.

कारण खर्च गावात कमी होत नाही. सिमेंटच्या पोत्याला आणि सळईला शहराचाच भाव लागतो, वर ट्रॅक्टरच्या खेपांचे भाडे. वाळू मिळेल तेव्हा आणि मिळेल त्या दराने. चांगला गवंडी तालुक्याहून आणावा लागतो. त्याच घराला २५० चौरस फुटांची एक पक्की खोली वाढवायची असेल आणि खर्च चौरस फुटाला १,८०० येत असेल, तर साडेचार लाख लागतात. व्हॅल्युअरने गावातल्या विक्रीचा विचार करून दर १,२०० च धरला तर अहवालात ती खोली तीन लाखांची होते. दीड लाख रुपये हवेत विरले. विटा, सळई, मजुरी यांवर खर्च झालेला पैसा बँकेच्या नजरेत अस्तित्वातच नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाखांपर्यंतच्या घरकर्जात मूल्याच्या ९० टक्क्यांपर्यंत कर्ज देता येते, पण मूल्यच आखडले तर त्या ९० टक्क्यांना अर्थ राहत नाही. उरलेली रक्कम कुटुंब कुठून आणते हे गावात सगळ्यांना ठाऊक असते: सोने गहाण, खासगी सावकार, उसाच्या बिलावर उचल, नाहीतर घर जोत्यावर थांबवून पुढच्या सुगीची वाट.

जोत्यावर थांबलेली घरे महाराष्ट्रात ठिकठिकाणी दिसतात. बँका घरबांधणीचे कर्ज टप्प्याटप्प्याने सोडतात: पाया, जोते, लिंटेल, स्लॅब, मग गिलावा नि फरशी. प्रत्येक टप्प्यानंतर पाहणी आणि मगच पुढचा हप्ता. घरकुल योजनेतही टप्प्यांचे फोटो ठिकाणाच्या नोंदीसह चढवावे लागतात. गावातले घर मात्र बँकेच्या वेळापत्रकाने बांधले जात नाही. पेरणी आली की मालक शेतात, मजूर शेतात. पावसाळ्यात काम बंद. दिवाळीनंतर पुन्हा जोर. शिवाय जुन्या वाड्याच्या सागवानी तुळया, काढलेल्या विटा, पाहुण्यांतल्या गवंड्याची मजुरी, घरच्यांचे श्रम यांची बिले नसतात. अहवालात बिलाशिवाय काही उतरत नाही असे नाही. चांगला अभियंता तुळईची जाडी मोजून तिची किंमत धरू शकतो. पण त्यासाठी लाकूड ओळखावे लागते, आणि आयुष्य संपलेले बांधकाम म्हणून साऱ्या वाड्याला शून्य लिहिणे फार सोपे असते.

सरकारी दरांनी ही अडचण सुटेल असे वाटणारे पुष्कळ आहेत. दर वर्षी नोंदणी विभाग बाजारमूल्याचे दरपत्रक काढतो. लोक त्याला रेडी रेकनरच म्हणतात. ते मुद्रांक शुल्क ठरवण्यासाठी असते. एका गावठाणाला एक दर लागला की चावडीसमोरचे दुकानवजा घर आणि ओढ्याकाठची शेवटची खोली यांच्यात फरक राहत नाही. भूसंपादनात बाजारभाव ठरवायला असले दरपत्रक पुरावा म्हणून चालत नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९९४ सालीच दिला आहे. तरीही एक विसंगती नजरेआड करता येत नाही. २०१५ च्या अखेरीस राज्याने ग्रामपंचायतींच्या करनियमांत बदल केला आणि घरपट्टी भांडवली मूल्यावर बसू लागली: जमिनीचा सरकारी दर, बांधकामाचा दर, घसारा, वापराचा भारांक. म्हणजे ग्रामपंचायतीकडे गावातल्या प्रत्येक घराची एक किंमत लिहिलेली आहे. कर घेताना ती किंमत खरी मानली जाते. कर्ज देताना तिच्याकडे कोणी पाहत नाही. दोन्ही आकडे एकाच अहवालात शेजारी मांडायला काय हरकत आहे? त्यांतली तफावत स्वतःच खूप काही सांगेल.

गावठाणाबाहेर अडचण आणखी निराळी. शेतात बांधलेल्या घराखालची जमीन सातबाऱ्यावर शेती म्हणून असेल, तर २००२ चा सरफेसी कायदा तिथे लागू होत नाही. शेतजमिनीवरचे तारण त्यातून वगळले आहे. थकलेले कर्ज त्या वाटेने वसूल करता येणार नाही हे बँकेला पहिल्या दिवशी माहीत असते. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरपर्यंतच्या जमिनीला निवासी वापराची वाट जमीन महसूल संहितेच्या कलम ४२ड ने मोकळी केली. त्या पट्ट्यातल्या घरमालकाने तसा कागद घेतला की तारणाचा दर्जा बदलतो. अनेकांना हे माहीत नाही, आणि व्हॅल्युअरने सांगावे अशी अपेक्षाही कोणी ठेवलेली नाही.

कोकणात तर गावठाण हा शब्दच अपुरा पडतो. तिथली वस्ती वाड्यावाड्यांत विखुरलेली, घर बागायतीतल्या घरठाणावर, जांभ्याच्या चिऱ्यांचे, मंगलोरी कौलांचे. सातबाऱ्यावर आजोबांच्या भावांपासूनची नावे, निम्मे वारस मुंबईत, काही आखातात. चिऱ्याची भिंत शंभर वर्षे उभी राहू शकते, पण अहवालात तिला विटेच्या भिंतीचेच आयुष्य लागते. आणि सगळ्या हिस्सेदारांची संमती मिळेपर्यंत अहवालाची मुदत उलटून जाते. गोव्यात १९७५ च्या मुंडकार कायद्याने भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जमिनीवर राहणाऱ्या मुंडकाराला घराखालची जागा विकत घ्यायचा हक्क दिला, पंचायत क्षेत्रात ३०० चौरस मीटरपर्यंत. ज्या मुंडकाराची ही प्रक्रिया पुरी झाली नाही त्याच्या घराची किंमत काढताना भिंती कोणाच्या आणि जमीन कोणाची, हे दोन वेगळे प्रश्न होतात.

मूल्य म्हणजे केवळ विक्रीची रक्कम नव्हे, हे मराठवाड्याने फार मोठी किंमत देऊन शिकवले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या परिसरात भूकंपाने जी घरे कोसळली ती त्या भागातली भारदस्त घरे होती. दोन-दोन, अडीच-अडीच फूट जाडीच्या दगड-मातीच्या भिंती, वर लाकडी माळवद आणि त्यावर वर्षानुवर्षे चढत गेलेला मातीचा थर. उन्हाळ्यात थंड, दिसायला भक्कम, गावात मानाची. भिंतीच्या आतल्या आणि बाहेरच्या दगडांना बांधून ठेवणारे आरपार दगड नव्हते; भिंती फुटल्या आणि छताचे ओझे झोपलेल्यांवर आले. हजारो माणसे गेली. हा भाग तेव्हाच्या भूकंपनकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. २००२ मध्ये तो तिसऱ्या पट्ट्यात गेला. जागतिक बँकेच्या मदतीने ५२ गावे नव्या जागी वसवली गेली आणि त्याहून कितीतरी अधिक गावांत घरांची दुरुस्ती व मजबुतीकरण झाले. त्या काळात घरांची पाहणी करणाऱ्या अभियंत्यांनी एक गोष्ट केली जी आजच्या कर्ज अहवालात क्वचित होते: भिंत कशी बांधली आहे ते पाहिले. आजही घरकर्जाच्या कित्येक अहवालांत बांधकामाचा प्रकार एका शब्दात संपतो. लोड बेअरिंग. जोत्याला आणि लिंटेलला पट्टा आहे का, कोपरे बांधलेत का, छताचे वजन किती, याला जागा नाही. तारण वीस वर्षे उभे राहावे अशी बँकेची इच्छा असेल, तर ती चौकशी भावापेक्षा आधी यायला हवी. आणि त्या घरात झोपणाऱ्यांसाठी तर हवीच हवी.

खेड्यात कर्ज देता येते, हे काही संस्थांनी दाखवून दिले आहे. १९८६ साली गुजरातेत सुरू झालेल्या गृह फायनान्सने लहान गावांतल्या, पगारपत्रक नसलेल्या माणसांना घरकर्ज देण्याची पद्धत बसवली. पुढे २०१९ मध्ये ती बंधन बँकेत विलीन झाली. अशा कर्जात घर विकून पैसे निघतील का, यापेक्षा कुटुंब कमावते किती आणि फेडते कसे याला अधिक वजन असते: दूध डेअरीची बिले, बचतगटाच्या वह्या, हंगामाचा हिशेब. कारण जप्त केलेले घर गावात कोणी घेत नाही. शेजारी घेणार नाही, भावकी घेऊ देणार नाही, आणि बाहेरचा आला तरी त्याला त्या गल्लीत नांदता येणार नाही. सक्तीच्या विक्रीचे मूल्य हा रकाना गावठाणापुरता एक कल्पित आकडा असतो, आणि त्या कल्पित आकड्यावर खऱ्या माणसाचे कर्ज कापले जाते. तो रकाना गावासाठी बंद करावा, निदान कर्जाची रक्कम त्यावर बेतू नये, असे या लेखनाचे स्पष्ट मत आहे. त्याच्या जोडीला ग्रामीण घरकर्जांना जोखमीची हमी हवी. व्याजातली ३ टक्के सूट ज्याला कर्ज मिळाले त्यालाच पोचते. हमी असेल तर जो आज दारातूनच परततो तो आत येऊ शकतो.

मूल्यांककांना दोष देऊन भागणार नाही. जिल्ह्याच्या ठिकाणाहून येऊन, एका दिवसात चार गावे उरकून, ठरावीक फीमध्ये अहवाल देणाऱ्या माणसाला तुलनेसाठी विक्रीचे दाखले हवेत, आणि ते त्याला मिळत नाहीत. गावठाणातली जी थोडी खरेदीखते दुय्यम निबंधकाकडे नोंदली जातात त्यांतली रक्कम अनेकदा सरकारी दरालाच बेतलेली असते. मिळकत पत्रिकांमुळे आता प्रत्येक घराला क्रमांक आला आहे. त्या क्रमांकानुसार गावागावांतल्या नोंदलेल्या व्यवहारांची यादी तालुक्याच्या पातळीवर खुली झाली, तर पाच-सात वर्षांत गावठाणाचाही एक विश्वासार्ह भाव दिसू लागेल. तालुक्यातच राहणाऱ्या, वीटभट्ट्या नि वाळूचे दर ठाऊक असणाऱ्या अभियंत्यांना पॅनेलवर घेणे हा दुसरा उपाय, आणि तो उद्याही करता येईल.

पत्रिकांबाबत एक धोका आत्ताच सांगायला हवा. ज्या दिवशी ड्रोन उडाला त्या दिवशीची मालकी त्यात गोठली आहे. माणसे मरतात, वाटण्या होतात, खोल्या वाढतात. फेरफार वेळेवर झाले नाहीत तर दहा वर्षांनी ही पत्रिका नमुना आठइतकीच संशयास्पद होईल, आणि व्हॅल्युअर पुन्हा तेच तीन कागद हातात घेऊन दारात उभा राहील. वारस नोंदीची सवय शेताच्या बाबतीत गावाला आहे. घराच्या बाबतीत ती लावावी लागेल.

आणि बाईचे नाव. महाराष्ट्राने २००३ मध्ये ‘घर दोघांचे’ ही मोहीम हाती घेऊन ग्रामपंचायतीच्या उताऱ्यावर पतीबरोबर पत्नीचे नाव लावायला सांगितले. जिथे ते लागले तिथे घर तारण ठेवताना तिची सही लागते, म्हणजे तिला विचारावे लागते. मिळकत पत्रिका तयार होताना हे नाव सुटले तर ते पुन्हा लागणे अवघड. मूल्यांककाच्या भेटीत घरातल्या बाईशी सहसा चहापुरतेच बोलणे होते. छत कुठे गळते, कुठल्या भिंतीला ओल येते, कुठली खोली कोणत्या वर्षी वाढवली हे घरातल्या कोणाहूनही तिला अधिक नेमके ठाऊक असते.

पुढील पानांत आधी गावठाणाच्या मोजणीची हकीकत येते, मग कागदपत्रांची, मग मूल्यांकनाच्या पद्धतींची, आणि शेवटी कोकण, मराठवाडा, देश व विदर्भातल्या घरांच्या प्रकारांची. शाखेतल्या अधिकाऱ्याने घसाऱ्याचे प्रकरण आधी वाचले तरी चालेल. सरपंचांनी आणि ग्रामसेवकांनी मिळकत पत्रिकेवरचे. परिशिष्टात अहवालाचा एक सुधारलेला नमुना आहे. नेहमीच्या रकान्यांखेरीज त्यात चार नवे आहेत: बांधकामाचा आजचा प्रत्यक्ष खर्च, ग्रामपंचायतीने करासाठी धरलेले भांडवली मूल्य, भिंत-छताची भूकंपाच्या दृष्टीने स्थिती, आणि घरात हक्क असलेल्या सर्व स्त्री-पुरुषांची नावे.